पोलिओचा डोस: घरभेटीत आईला काय विचारावं, काय सांगावं

"पोलिओचा डोस पाजला का?" या प्रश्नाला बहुतेक आया "हो" म्हणतात, आणि खोटं बोलत नसतात. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर दोन थेंब पाजले, डाव्या करंगळीला शाई लागली, की त्यांच्या लेखी पोलिओ झाला. म्हणून आशाताईंनी प्रश्नच बदलावा: "वहिनी, कार्ड दाखवता का?"

कार्डावर पोलिओचे थेंब आणि पोलिओची सुई (इंजेक्शन) वेगवेगळे तपासा. थेंबांचा शून्य डोस जन्मानंतर 15 दिवसांत, पुढचे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, बूस्टर 16 ते 24 महिन्यांत. सुई दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांना. नऊ महिन्यांची सुई 2023 पासून सुरू झाली. "थोरल्याला नव्हती ही" हे सासूबाईंचं म्हणणं खरंच असतं, ते आधी मान्य करा. मग सांगा: एप्रिल 2016 पासून थेंबांत फक्त पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारच्या विषाणूची लस आहे, दुसऱ्याची सुईतच मिळते. बूथवरचे थेंब जादा असतात, कार्डावरचा डोस त्यांनी भरत नाही.

खरी गळती होते माहेर-सासरच्या मधे. पहिलं बाळंतपण जतला माहेरी, सासर कराडला. दीड महिन्याचा डोस तिकडे होतो, साडेतीनच्या वेळी बाळ इकडे आलेलं असतं आणि कार्ड माहेरच्या कपाटात. तिकडची आशा समजते सासरी दिला, इकडची समजते माहेरी दिला. उपाय साधा: प्रत्येक डोसनंतर आईच्या मोबाइलमध्ये कार्डाचा फोटो काढून ठेवायला लावा. डोस कोणत्याही सरकारी केंद्रात मोफत मिळतो, गावाची अट नाही, हे निघण्यापूर्वीच सांगा. ऊसतोडीच्या टोळ्यांचंही तसंच, फक्त तिथे दिवसा जाऊन उपयोग नाही, आया फडात असतात. मुकादमाला सांगून संध्याकाळी कोप्यांवर (त्यांच्या झोपड्यांवर) जा.

"पोलिओ गेला ना, मग कशाला?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला. पण पाकिस्तान-अफगाणिस्तानात विषाणू अजून फिरतो, आणि माणसांबरोबर तो कुठेही येऊ शकतो.

सर्दी, किरकोळ ताप असला तरी डोस चुकवू नये. थेंबांनंतर लगेच अंगावर पाजलं तरी चालतं. अर्धा तास थांबायची गरज नाही. बाळाने थेंब लगेच थुंकले तर पुन्हा दोन द्यायचे. दीड महिन्याला रात्री ताप आला तर दोष पोलिओवर जातो, पण तो बहुधा त्याच दिवशी दिलेल्या पेंटाचा (पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचा) असतो. हे आधी सांगितलं नाही, तर अडीच महिन्यांना ती आई केंद्रात येत नाही.

थेंबांची कुपी आईलाही दाखवा. लेबलवरच्या गोलातला चौकोन गोलापेक्षा फिका हवा. दोन्ही सारखे दिसले किंवा चौकोन गडद असला, तर ती कुपी वापरायची नाही.