भाड्याच्या वादात वकील निवडताना
जळगाव-धुळ्यात घरभाड्याचा वाद चिघळला की नातेवाईक ‘मोठ्या’ वकिलाचं नाव सुचवतात. त्या वकिलाने तिथल्याच दिवाणी न्यायालयात भाडे नियंत्रणाचे दावे चालवलेत का, ते आधी विचारा. फौजदारीतला दरारा इथे कामाचा नाही. भेटीला करारनामा, भाडेपावत्या, आलेली नोटीस न्या. करार नोंदलेला नसला तरी भाडेकरूने खचू नये: १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. थकबाकीच्या नोटिशीनंतर भाडेकरूला थकलेलं भाडं भरायला ९० दिवस मिळतात, म्हणून ती हातात पडल्याची तारीख लिहून ठेवा. फी टप्प्याटप्प्याने ठरवा. कोऱ्या कागदावर सही नाही म्हणजे नाहीच. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. नंदुरबारकडच्या आदिवासी भाडेकरूंनी तर आधी तिथेच जावं.