युनोना आणि अवोस पहिल्यांदा ऐकताय? मग आधी हे वाचा

रशियन येत नसेल तरी ही रशियन रॉक ऑपेरा, म्हणजे रॉक संगीतात गाण्यांतून सांगितलेलं नाटक, ऐकाच, फक्त थेट पूर्ण व्हिडिओ लावून बसू नका. मी तेच केलं होतं आणि वीस मिनिटांत बंद केलं, कारण कोण कुणाला काय म्हणतंय काही कळेना.

आधी गोष्ट समजून घ्या, ती खरी घडलेली आहे. 1806 मध्ये निकोलाय रेझानोव हा रशियन अधिकारी सॅन फ्रान्सिस्कोला पोचला, अलास्कातल्या सिटका या रशियन वसाहतीत माणसं उपाशी मरत होती म्हणून धान्य आणायला. तिथल्या स्पॅनिश कमांडंटच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं, ती कोंचिता, वय फक्त 15, हा 42 चा. तो ऑर्थोडॉक्स, ती कॅथलिक, म्हणजे ख्रिस्ती धर्मातले दोन वेगळे पंथ, त्यामुळे वरून परवानगी हवी, ती आणायला तो सायबेरियामार्गे पीटर्सबर्गला निघाला आणि 1807 मध्ये वाटेतच क्रास्नोयार्स्कला वारला. ती पुढे नन झाली. ऑपेरात ती 35 वर्षं वाट बघते.

नावात आहेत ती दोन जहाजं. त्यातला 'अवोस' हा शब्द कळला की अर्धं काम झालं, म्हणजे आपण 'बघू, होईल काहीतरी' म्हणून रामभरोसे निघतो ना, तेच. अख्खा रेझानोव त्या एका शब्दात आहे.

आता ऐकायचं कसं. सुरुवात शेवटच्या 'हालेलूया'पासून करू नका, ती भैरवी आहे, भैरवीच्या जागीच ऐका. आधी निरोपाचं गाणं लावा, दोघं एकमेकांना पहाटे सोडतात ते. त्यात एक शब्द पकडा, 'निकग्दा', म्हणजे कधीच नाही. कधीच विसरणार नाही आणि कधीच दिसणार नाही, दोन्हीला तोच शब्द लागतो, आणि एकदा तो कानाला सापडला की पोटात खड्डा पडतो, खरंच सांगते.

मग पूर्ण ऐका, पण कुठलं ते बघून घ्या. मेलोदिया या सोव्हिएत कंपनीच्या 1982 च्या रेकॉर्डवर रेझानोव गेन्नादी त्रोफिमोव गातो आणि कोंचिता आन्ना रिब्निकोवा, तर मॉस्कोच्या लेनकोम थिएटरमध्ये निकोलाय काराचेंत्सोव आणि येलेना शानिना. लोक दोन्हीत गल्लत करतात. रेकॉर्डवर संगीत जास्त स्वच्छ कळतं पण काराचेंत्सोवचा खरखरीत, घसा फुटेल असा आवाज ऐकल्यावर मला दुसरा रेझानोव पटतच नाही, म्हणून 1983 चं टीव्ही रेकॉर्डिंग शेवटी ठेवा, आणि जमलं तर रात्री हेडफोन लावून बघा.

संगीतात मधेच चर्चमधल्यासारखे सूर येतात, दचकू नका. संगीतकार अलेक्सेय रिब्निकोवने ऑर्थोडॉक्स भजनांवर आधी काम केलेलं, तेच त्याने दिग्दर्शक मार्क झाखारोवला ऐकवलं होतं. झाखारोवला जुनं रशियन वीरकाव्य रंगमंचावर आणायचं होतं, पण कवी आंद्रेय वोझ्नेसेन्स्कीने त्याऐवजी स्वतःची रेझानोववरची कविता पुढे केली आणि बरंच झालं ना. 9 जुलै 1981 ला प्रीमियर झाला. सोव्हिएत काळात स्टेजवर प्रार्थना आणि झारच्या नौदलाचा झेंडा, विचार करा! 1983 मध्ये फॅशनवाल्या पिएर कार्दाँने हे नाटक पॅरिसलाही नेलं.

बघताना तो झेंडा कधी फडकतो ते नक्की बघा, पांढऱ्यावर निळी तिरकी फुली.