काळ्या मातीतून जळके दाणे कसे काढावेत

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावची ताम्रपाषाणयुगीन (तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरणारी) वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० अशी नांदली. शेवटच्या टप्प्यात चौकोनी घरांऐवजी गोल झोपड्या दिसतात. पाऊस कमी झाला, शेती आटली, शिकार वाढली, अशी मांडणी उत्खनक मधुकर ढवळीकरांनी केली. अशा ठिकाणी 'शेती आटली' म्हणायचं तर मातीत उरलेले जळके दाणे मोजावे लागतात, आणि ते किती मातीतून आले हे ठाऊक नसेल तर मोजणी फुकट. म्हणून माती पाण्यात घालून दाणे तरंगवून काढणाऱ्या विद्यार्थ्यांनी चाळणीच्या आधी लिटरच्या खुणा असलेली बादली आणावी.

प्रत्येक चूल, साठवणीचा खड्डा, राखेचा ढीग, घराची जमीन यांतून २० लिटर माती घ्या. बादलीत ती दाबू नका. दाबलेले २० लिटर म्हणजे २० लिटर नव्हेत. खड्डा लहान असेल तर सगळी माती घ्या आणि ती भरली तेवढे लिटर लिहा. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, वरचं बी त्यांतून खाली घसरतं. भेग किंवा उंदराचं बीळ दिसलं तर तिथली माती नको. चिठ्ठ्या दोन, पेन्सिलीने लिहिलेल्या: एक पिशवीत, एक बाहेर. शाईची चिठ्ठी ओल्या पिशवीत वाचता येत नाही.

खरी डोकेदुखी ढेकळांची. ओलसर चिकणमाती पाण्यात फुटत नाही, म्हणून आधी सावलीत वाळवा. उन्हात दाणे तडकतात. मग १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून माती रात्रभर भिजू द्या. हातोडीने ढेकळं फोडायची नाहीत, त्यात दाण्यांचा भुगा होतो. कार्बन कालमापनासाठी (वय ठरवण्यासाठी) लागणारे दाणे मात्र सोडा न घालता आधीच वेगळे काढून फॉइलमध्ये ठेवा. लाकडाच्या कोळशापेक्षा दाणा बरा, कारण झाड कितीतरी जुनं असू शकतं, दाणा एकाच हंगामाचा.

आता तरंगवणं. दोन-तृतीयांश पाण्याने भरलेल्या बादलीत एका वेळी २-३ लिटर माती घाला, हात तळापासून हळू फिरवा, गाळ खाली बसू लागताच वरचं पाणी ०.२५ मि.मी. जाळीवर ओता. काळं काही वर येईनासं होईपर्यंत हेच, बहुधा चार-पाच वेळा. घाईने ओतलं तर चिखल जाळीवर येतो आणि ती बुजते. डाळींचे दाणे जड, ते बुडतातही; म्हणून तळचा गाळ १ मि.मी. जाळीवर धुवून वाळवा आणि हाताने निवडा. मणी आणि माशांची हाडं त्यातच सापडतात. दोन नमुन्यांमध्ये बादली, जाळी, हात सगळं धुवा.

काम नीट चाललंय का, हे खसखस सांगते. बंद डब्यात वाळू घालून जाळलेल्या खसखशीचे मोजून १०० दाणे दर दहाव्या नमुन्यात टाका. ८०पेक्षा कमी परत आले तर जाळी फाटली आहे किंवा ओतणारा घाई करतोय. (ते कोणत्या नमुन्यात टाकले हे ओतणाऱ्याला सांगू नका.)

न जळलेलं, चकचकीत सालीचं बी आपल्या पावसाळ्यात हजारो वर्षं टिकत नाही. ते हल्लीचं समजा, पण वेगळं मोजा. ते जितकं जास्त, तितका त्या थरावरचा भरवसा कमी.

शेवटी भागाकार. २० लिटरमध्ये ३६ दाणे म्हणजे लिटरमागे १.८, ५ लिटरमध्ये १५ म्हणजे ३. दाणे कमी असूनही दुसरा नमुना भरगच्च. तुलना चुलीची चुलीशी, खड्ड्याची खड्ड्याशीच करायची. चुलीतल्या राखेत दाणे जास्त सापडले म्हणून पीक जास्त होतं असं होत नाही.