कमरेखाली ताकद नाही, तरी गाडी चालवायचीय? मग हे वाचा

आधी ऑटोमॅटिक गाडी बघा, क्लचची भानगडच नको. मग हँड कंट्रोल. स्टिअरिंगखाली एक दांडा येतो, बऱ्याच किटमध्ये तो पुढे ढकलला की ब्रेक आणि मागे ओढला की ॲक्सिलरेटर, काहींत ॲक्सिलरेटर पिळायचा असतो, म्हणून पैसे देण्याआधी बसून बघाच. माझं मत विचाराल तर ढकलून ब्रेकवालाच बरा, कारण जोरात ब्रेक मारताना अंग पुढेच जातं, उलटा ओढायचा असेल तर गडबड होते.

एक हात दांड्यावर अडकला म्हणजे स्टिअरिंग एका हातानेच फिरवायचं, त्यासाठी गोल नॉब लावून घ्या. पायांना अचानक झटके येत असतील तर पेडलवर गार्ड हवाच, पाय ब्रेकखाली सरकला तर कळणारही नाही. मणक्याची इंज्युरी छातीच्या लेव्हलची असेल तर वळणावर तोल जातो, छातीला वेगळा पट्टा लागतो.

आणि हो, उन्हात उभ्या गाडीत बसण्याआधी सीट आणि बकलला हात लावून बघा, संवेदना नसली की चटका बसलेला नंतर फोड आल्यावरच दिसतो! लांबच्या प्रवासात मधेमधे थांबून सीटवरचं वजन हलवा, नाहीतर बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम.

कागदांचं म्हणाल तर गाडीतला बदल आरटीओतून मंजूर करून आरसीवर नोंदवा, लायसन्सही ॲडाप्टेड, म्हणजे अशा बदल केलेल्या गाडीचंच काढा, आणि इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवा.