पुनर्विकासाची सभा: या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे क्षेत्रफळ मोघम सांगणं. एका सोसायटीत चेअरमननी "सातशे फूट मिळणार" एवढंच जाहीर केलं. टाळ्या पडल्या. विकासकाच्या पत्रात 700 बिल्ट-अप, म्हणजे बाहेरच्या भिंतीही धरून, लिहिलेलं होतं. नकाशा आला तेव्हा कार्पेट, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरायची जागा, निघालं 583. बिल्ट-अपला 1.2 ने भागायचा जुना हिशोब. पत्रात लपवाछपवी नव्हती, तरी "कमिटीने खाल्ले" हे जिन्याजिन्यात पोचलं आणि होकार दिलेले सभासदही फिरले.

म्हणून फळ्यावर रकाने आखा: आजचं कार्पेट, नवीन रेरा कार्पेट (रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या व्याख्येनुसार), फरक. प्रत्येक सदनिकेची वेगळी ओळ. रेरा कार्पेटमध्ये घरातल्या आतल्या भिंती धरतात, बाल्कनी धरत नाहीत. तेव्हा जुनं घरही त्याच पद्धतीने मोजून घ्या, नाहीतर वाढ फुगलेली दिसते. "सेलेबल", म्हणजे जिना-लिफ्टचा वाटाही धरून फुगवलेला आकडा, सांगणाऱ्याला तिथेच थांबवा. बांधकाम होईपर्यंत विकासक देणार त्या भाड्याचंही तसंच: दरमहा किती, किती महिन्यांचे चेक आगाऊ, दुसऱ्या वर्षी वाढ किती.

दुसरी खोड व्हॉट्सॅपची. रात्री अकराला "बँक गॅरंटीचं काय झालं?" असा मेसेज पडतो, सकाळपर्यंत तीन जुनी पार्किंगची भांडणं उकरून निघतात, उत्तर मात्र येत नाही. आलं तरी इतिवृत्तात येत नाही. प्रश्न सचिवांच्या नावे, लेखी, सभेच्या आठवडाभर आधी द्या. एका ओळीत एकच प्रश्न. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सभेत उत्तर मिळालं की ते इतिवृत्तात लिहायला लावा आणि लिहून होईपर्यंत खाली बसू नका.

"सभा कशाला, घरोघर सह्या घेऊ" म्हणणारे उतावळे प्रत्येक इमारतीत असतात. त्यांना सोसायट्यांच्या पुनर्विकासाबद्दलचा महाराष्ट्र सरकारचा 4 जुलै 2019 चा शासन निर्णय वाचायला द्या. विकासक निवडायच्या सभेला 14 दिवसांची नोटीस, दोन-तृतीयांश गणपूर्ती, निबंधक कार्यालयाचा अधिकारी आणि चित्रीकरण लागतं. विकासकाला होकार 51 टक्क्यांचा लागतो, आणि हे 51 टक्के मोजायचे ते एकूण सभासदांचे: 40 असतील तर 21, हॉलमध्ये कितीही हात वर होवोत.

विरोधकाला "विकला गेलास" म्हणू नका. त्याचा आक्षेप शब्दशः लिहून घ्या.

तळमजल्यावरच्या आजींना एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं त्याचं प्रमाण) समजावू नका. भाड्याचं घर कुठल्या भागात मिळेल, लिफ्ट असेल का, सामान कोण हलवेल, हे आधी सांगा.