लिनक्सवालं मशीन अडलं? फॉरमॅट मारायच्या आधी या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावागावात जुने डेस्कटॉप लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट सिस्टमवर, येऊन राहिले. वाचनालयातलं, झेरॉक्सच्या दुकानातलं, पोराच्या कॉलेजसाठी सेकंडहँड घेतलेलं. चांगलीच गोष्ट आहे, ४ जीबी रॅमच्या मशीनवर मिंट एक्सएफसीई नाही तं लुबुंटू ही हलकी लिनक्स मस्त चालते. पण काही अडलं की फोन येते आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "भाऊ, लिनक्स खराब झालं, नवीन टाकून द्या." मी जाऊन पाहतो तं बहुतेक वेळा लिनक्स जागेवरच असते, दुखणं विजेचं, उन्हाचं नाही तं कचऱ्याचं निघते. फॉरमॅट मारला की चार दिवस बरं वाटते आणि पुन्हा तेच, कारण रोग तं आतच राहिला, वरून सातबाराचे स्कॅन, पोरीच्या नोट्स, लग्नाचे फोटो गेले ते गेलेच.

एक सांगून ठेवतो, खाली कमांड, म्हणजे टर्मिनलच्या खिडकीत टाइप करायच्या आज्ञा, मी फोनवर बोलतो तशाच लिहिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरा आणि डॅशच्या आधीची जागा सोडायला विसरू नका; डॅश डॅश म्हटलं तं दोन्ही डॅश चिकटून. कमांडच्या आधी सुडो असलं तं ती ॲडमिनच्या हक्कानं चालते, पासवर्ड मागते.

स्क्रीनवर आलेलं न वाचता बटण दाबणे

सगळ्यात मोठी चूक हीच. काळ्या स्क्रीनवर इंग्रजी ओळी दिसल्या की माणूस घाबरते आणि लगेच बटण दाबून धरते. अहो, त्या ओळीतच उत्तर असते! मोबाईलनं फोटो काढा आधी, मंग बाकीचं.

हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते, रात्री मोटारी चालू झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज पडते, तसंच पडलं आणि वाचनालयातलं मशीन धाडकन बंद झालं. सकाळी ताईंनी चालू केलं तं काळी स्क्रीन आणि कंसात इनिटरॅमएफएस असा शब्द. कोणीतरी त्यांना सांगितलं की हार्डडिस्क गेली, नवीन घ्या. ताईंनी फोटो पाठवला, त्यात स्पष्ट लिहिलं होतं, 'अनएक्सपेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली', आणि वरच्या ओळीत कोणत्या पार्टिशनचं, म्हणजे डिस्कच्या कोणत्या भागाचं, दुखणं आहे तेही, स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीए २. एफएससीके ही डिस्कवरची मांडणी तपासून दुरुस्त करणारी कमांड आहे, ती फोनवरच टाइप करायला सांगितली, एफएससीके, जागा, डॅश वाय, जागा, आणि तेच पार्टिशनचं नाव. पाच-सात मिनिटं ओळी धावल्या, मंग एक्झिट, आणि मशीन उठलं. पुस्तकांची सगळी यादी जिथल्या तिथं.

पण यात एक गोष्ट समजून घ्या. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टममध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीत, जर्नल राहते, म्हणजे काय लिहायचं ते आधी नोंदवून मंग लिहायचं, त्यामुळे एखाद्या वेळी लाइट गेली तं पुढच्या बूटला ते आपलं आपण निस्तरते, तुम्हाला दिसतही नाही. जेव्हा ते हातानं एफएससीके चालव म्हणते तेव्हा मामला जरा मोठा आहे. महिन्यात दोनदा तसं आलं, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येऊन राहिला, तं एफएससीके चालवू नका, आधी डेटा काढा, कारण मरायला टेकलेल्या डिस्कवर ते दुरुस्तीसाठी लिहित सुटलं की उरलेलंही जाऊ शकते. लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट लिनक्स चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरून, मशीन चालू करा आणि कामाच्या फाइली दुसरीकडे कॉपी करा. आणि चालू असलेल्या, म्हणजे माउंट झालेल्या पार्टिशनवर एफएससीके कधीच नाही.

हा लाइव्ह पेनड्राइव्ह घरात ठेवाच. ८ जीबीचा पुरते. त्याचा खरा उपयोग इन्स्टॉल करण्यापेक्षा तपासायला जास्त होते: पेनड्राइव्हवरूनही मशीन हँग होऊन राहिलं, आवाज येत नाही, नेट तुटते, तं दोष हार्डवेअरचा असायची शक्यता मोठी आहे, मंग फॉरमॅट मारून काहीच होणार नाही. पेनड्राइव्हवर सगळं ठीक असलं तं आतल्या सिस्टमकडे नाही तं डिस्ककडे पाहायचं. अर्ध्या तासात निम्मा गोंधळ मिटते.

डिस्क बदलायच्या आधी केबल न पाहणे

स्मार्टमोनटूल्स नावाचं पॅकेज टाका आणि सुडो स्मार्टसीटीएल डॅश ए, पुढे स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीए, असं चालवा. मोठा तक्ता येते, घाबरू नका, जुन्या फिरत्या डिस्कमध्ये डावीकडच्या खान्यातले हे तीन नंबर शोधा. ५ म्हणजे किती सेक्टर खराब होऊन बदलले गेले, १९७ म्हणजे किती सेक्टर वाचता येत नाहीत म्हणून लटकलेले आहेत, आणि १९९ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यात बोलताना किती वेळा चूक झाली. ५ आणि १९७ चे आकडे वाढून राहिले तं डिस्क खरंच चालली, बॅकअप घ्या आजच. पण नुसता १९९ वाढत असला तं डिस्क बिचारी चांगली असते, साटा केबल खराब किंवा ढिली असते. आमच्या इथल्या झेरॉक्सवाल्या दादांचं असंच झालं, दुकानात उंदीर, कॅबिनेटचं झाकण कायम उघडं, केबल कुरतडलेली. केबल बदलली आणि काम झालं, नाही तं नव्या डिस्कचे पैसे गेलेच असते. १९९ चा आकडा मागे येत नाही बरं का, केबल बदलल्यावर पुढं वाढणं थांबलं का एवढंच पाहायचं.

अर्थिंग आणि इन्व्हर्टर

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार आमच्या भागात घरोघरी आहे आणि लोकांनी ती सोडून दिली, "येतेच तसं" म्हणून. तसं नाही. एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या, आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले असतात, अर्थिंग नसली तं बॉडीवर मेनच्या जवळपास निम्मं व्होल्टेज येऊन बसते, टेस्टर लावा, पेटलेला दिसेल. करंट थोडा असते म्हणून नुसती झिणझिण होते, पण यूएसबी मधेच तुटणं, साउंडमध्ये घुरघुर येणं, प्रिंटर जोडताना ठिणगी पडून पोर्ट जाणं, हे त्याच्यातून होऊ शकते, आणि माणसाच्या जिवाचाही प्रश्न आहे. तीन पिनच्या वायरची मोठी पिन कापून दोन पिनच्या बोर्डात घालणारे मी पाहिले, कृपा करून हे करू नका. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत राहा, आपली काळी माती सुकून भेगाळली की अर्थिंग नावालाच राहते.

इन्व्हर्टर असूनही लाइट गेल्यावर मशीन रीस्टार्ट होते? मागे बटण असते, एका बाजूला यूपीएस लिहिलेलं. ते यूपीएसवर करा. दुसऱ्या मोडमध्ये तो बॅटरीवर यायला जास्त वेळ घेते, पंख्याला ते कळत नाही, कॉम्प्युटरला कळते.

ऊन आणि कापूस

नवतपा लागला की अकोला, वर्धा, चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर, आणि टिनाच्या खोलीत तं विचारूच नका. दुपारी मशीन स्लो होते, संध्याकाळी बरं चालते, आणि लोक म्हणतात व्हायरस आला. प्रोसेसर तापला की तो स्वतःच वेग कमी करते. सुडो डीमेसेज चालवा, स्पेलिंग डी एम ई एस जी, त्यात 'टेम्परेचर अबव्ह थ्रेशोल्ड, क्लॉक थ्रॉटल्ड' अशा ओळी दिसल्या तं निदान झालं. एलएम-सेन्सर्स टाकून सेन्सर्स ही कमांड दिली की डिग्रीही दिसते, शेजारी हाय आणि क्रिटिकल किती तेही.

आता आमच्याकडची खास गोष्ट, दिवाळीपासून कापूस घरात भरलेला असते, त्याच खोलीत कॉम्प्युटर. कापसाचे बारीक तंतू फॅन ओढून घेते आणि प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये गादीसारखा थर बसते, वरून पाहिलं तं फॅन फिरतोच आहे, पण हवा खाली जातच नाही. फॅन खोलून पाहिल्याशिवाय हे दिसत नाही. वर्षातून दोनदा तरी, कापूस विकल्यावर एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा, आतून साफ करा. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटानं धरून ठेवा, हवेनं गरगर फिरवू नका, बेअरिंग जाते. ओलं फडकं नाही. सात-आठ वर्षं जुनं मशीन असेल तं प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट सुकून खडूसारखी झालेली असते, ती पुसून नवी लावा, ट्यूब स्वस्त येते. आणि कूलरच्या तोंडासमोर कॅबिनेट ठेवू नका, ओली हवा आणि खारं पाणी यांनी आतले पॉइंट हिरवे पडतात.

मशीन कधीही कुठेही बंद पडते, इन्स्टॉल दर वेळी वेगळ्याच जागी अडते, असं असलं तं रॅम पाहा. विजेची वायर काढा, रॅम काढून सोनेरी पट्टी खोडरबरानं हलक्या हातानं पुसा, नीट दाबून बसवा. तरी तेच, तं मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालू द्या, एकही लाल ओळ आली तं ती पट्टी बदलायची.

घड्याळाचा सेल

मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असते, सीआर २०३२, ३ व्होल्टचा, घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे मिळते. तो संपला की बायोसची, म्हणजे मशीन चालू करणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रामची, तारीख आणि सेटिंग दोन्ही पुसल्या जातात. नेट चालू असलं तं लिनक्स वेळ स्वतः दुरुस्त करून घेते म्हणून हे दुखणं लपून राहते, नेट नसलं की उघडं पडते: तारीख मागे गेलेली, मंग ब्राउझर सर्टिफिकेट चूक म्हणते, सॉफ्टवेअर उतरवणारी ॲप्ट कमांड म्हणते रिलीज फाइल अजून व्हॅलिडच नाही. आणि सेटिंग पुसल्यामुळे बूटचा क्रम किंवा यूईएफआय-लेगसीचा मोड, म्हणजे मशीन चालू व्हायची पद्धत, बदलते, स्क्रीनवर येते ऑपरेटिंग सिस्टम सापडली नाही. इथं किती जणांनी फॉरमॅट मारला असेल! आधी बायोसमध्ये जाऊन तारीख पाहा.

ज्यांच्याकडे विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत आणि वेळ बरोबर साडेपाच तास पुढे-मागे होते, त्यांचा सेल चांगला आहे. लिनक्स बोर्डवर जागतिक वेळ ठेवते, विंडोज स्थानिक, आपला फरक ५ तास ३० मिनिटं. टाइमडेटसीटीएल, जागा, सेट-लोकल-आरटीसी, जागा, १, एवढं दिलं की भांडण मिटते.

सॉफ्टवेअरमध्ये हाताने ओढवलेल्या गोष्टी

अपडेट करताना 'कुड नॉट गेट लॉक' आलं की लोक व्हिडिओ पाहून लॉक फाइल डिलीट करतात. करू नका. मागे सिस्टमचं आपलं अपडेट चालू असते, म्हणून कुलूप आहे, दहा-पंधरा मिनिटं थांबा. अपडेट चालू असतानाच लाइट गेली असेल तं सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए, आणि त्यानंतर सुडो ॲप्ट डॅश डॅश फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल, अर्धवट राहिलेलं तिथून पूर्ण होते.

पासवर्ड बरोबर टाकला तरी पुन्हा लॉगिनचाच पडदा येते? डिस्क पूर्ण भरली असेल. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा, काळ्या पडद्यावर लॉगिन करा, डीएफ डॅश एच देऊन डिस्क किती भरली ते पाहा. १०० टक्के दिसलं तं सुडो ॲप्ट क्लीन, सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह करा, पिक्चर-व्हिडिओ हलवा. बूट पार्टिशन भरलं म्हणून आतल्या फाइली हातानं उडवू नका, जुने कर्नल, म्हणजे सिस्टमचे जुने गाभे, ऑटोरिमूव्हच काढते. डिस्क रिकामी असूनही तेच, तं घरच्या फोल्डरमधली डॉट एक्सऑथॉरिटी फाइल (यातला एक्स मात्र मोठा, मधे डॅश नाही) रूटच्या, म्हणजे ॲडमिनच्या, नावावर गेली असेल, ती काढून टाका, नवीन बनते.

परमिशनची अडचण आली म्हणून पूर्ण सिस्टमवर सीएचमॉड ७७७ मारणं, म्हणजे प्रत्येक फाइल सगळ्यांना मोकळी करणं, हे मात्र खरंच परत टाकायला लावते, सुडोसुद्धा चालायचा बंद होते. ज्या कमांडचा अर्थ कळत नाही ती सुडो लावून चिकटवू नका, मला विचारा, गावातल्या पोराला विचारा.

हँग झालं तं लगेच बटण नको. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ नं काही झालं नाही तं ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीनचं बटण धरून हळूहळू एस, यू, बी. उबुंटूत ही तीन चालतात: डिस्कवर लिहून घे, फक्त वाचायला ठेव, रीस्टार्ट कर.

वायफायचा डोंगल ओळखत नाही तं तेवढ्यासाठी नागपूरला सीताबर्डीच्या चकरा मारायची गरज नाही. मोबाईल केबलनं जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा लगेच नेट येते, मंग एलएसयूएसबी या कमांडनं चिप पाहून ड्रायव्हर टाका. प्रिंटरचं तसंच: कॅनन एलबीपी २९०० ला कॅप्टचा वेगळा ड्रायव्हर लागते, एचपी लेझरजेट १०२० ला एचपी-प्लगइन चालवून फर्मवेअर उतरवावं लागते, ते केल्याशिवाय दहा वेळा काढून-घालून काही होत नाही.

आणि मला किंवा कोणालाही फोन करायच्या आधी एवढं पाठवा: स्क्रीनचा फोटो, बिघडायच्या आधी काय केलं होतं, त्या वेळी लाइट गेली होती का, आणि जर्नलसीटीएल डॅश बी डॅश १ डॅश पी ईआरआर या कमांडच्या शेवटच्या वीस ओळी. बंद पडायच्या आधी मशीन काय म्हणून राहिलं होतं ते त्यात असते, आणि पेरणीच्या दिवसात रस्ता चिखलाचा असला तरी तेवढ्यावरून फोनवर काम होऊन जाते.