उच्च शिक्षणासाठी वक्फ करताना

वक्फमध्ये, म्हणजे इस्लामी रीतीने सत्कार्यासाठी कायमच्या राखून ठेवलेल्या दानात, मूळ मालमत्ता कायम राखायची आणि खर्चायचं ते फक्त तिचं उत्पन्न. बगदादच्या निजामिया मदरशात (१०६७) शिक्षकांचं वेतन आणि विद्यार्थ्यांचा निर्वाह याच मार्गाने चाले. आजही हे जमतं, पण सुरुवात हिशेबापासून करा.

समजा, भांडवलावर वर्षाला ७ टक्के उत्पन्न मिळतंय आणि महागाई ४ टक्के आहे. मग वाटायला ३ टक्केच धरा. एक शिष्यवृत्ती कायम चालवायची तर तिच्या वार्षिक रकमेच्या सुमारे ३३ पट भांडवल हवं. सातही टक्के वाटून टाकले, तर अठरा वर्षांत मूळ रकमेची किंमत निम्मी होते. रोख रकमेचे वक्फ बहुतेकदा इथेच खचतात. इस्लाममध्ये व्याज निषिद्ध असल्याने ही रक्कम व्याजावर ठेवता येत नाही; मुदारबा (एकाचं भांडवल, दुसऱ्याचे श्रम आणि नफ्यात वाटा), सुकूक (मालमत्तेतल्या हिश्श्याचे रोखे) किंवा भाड्याची इमारत हे मार्ग आहेत.

सगळ्यात जास्त वेळ वक्फनाम्याला, म्हणजे वक्फच्या अटींच्या दस्तऐवजाला, द्या. उद्देश फार अरुंद नको. एकाच विषयाच्या, एकाच गावच्या विद्यार्थ्यांसाठी म्हणून लिहिलंत आणि पुढे तो अभ्यासक्रमच बंद पडला, तर पैसा अडकतो. म्हणून मुख्य लाभार्थींनंतर पर्यायी लाभार्थी लिहाच. खर्चाचा क्रमही ठरवा: आधी मालमत्तेची डागडुजी (फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रीय कायद्यात, तिचा हक्क पहिला मानतात), मग व्यवस्थापन, राखीव निधी आणि शेवटी शिष्यवृत्ती. गळकं छप्पर तसंच ठेवून शिष्यवृत्त्या वाटल्या की काही वर्षांत भाडेकरूही जातो आणि शिष्यवृत्तीही.

मुतवल्लीची (वक्फच्या व्यवस्थापकाची) नेमणूक, मानधन, बदलण्याची पद्धत आणि दरवर्षीची स्वतंत्र हिशेबतपासणी स्पष्ट लिहा. मुतवल्लीच्या नातेवाइकाला मालमत्ता भाड्याने देण्यास मनाई करा. दीर्घ मुदतीचे स्वस्त भाडेकरार हा वक्फचा जुना आजार आहे. मुदत छोटी आणि भाडं बाजारभावाने ठेवा. जमीन पडीक झाली तर तिच्या बदल्यात दुसरी घेण्याची, म्हणजे इस्तिबदालची, तरतूदही हवी. पण स्थानिक कायदा अशी अदलाबदल करू देतो का, हे आधी पाहा; देत असेल तिथेही बहुधा न्यायालयाची किंवा संबंधित प्राधिकरणाची परवानगी लागते.

जकातीचा (मुस्लिमांवर बंधनकारक असलेल्या वार्षिक दानाचा) पैसा वेगळ्या खात्यात ठेवा. तो ठरलेल्या आठ वर्गांतल्या लोकांनाच जातो; त्यांत गरीब येतात, त्यामुळे गरजू विद्यार्थ्याला देता येतो. प्रयोगशाळा, ग्रंथालय किंवा प्राध्यापकाचं पद मात्र वक्फच्या उत्पन्नातूनच उभं करा.

नोंदणीपूर्वी वक्फनामा फिकह जाणणाऱ्या विद्वानाला आणि स्थानिक कायद्याच्या वकिलाला, दोघांनाही दाखवा.